श्विन आणि जायंट : नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा

१/ ऑक्टोबर १९९२. शिकागोच्या श्विन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. १८९५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील सायकलीचे सर्वांत परिचित नाव. तिच्या पतनाची कारणे अनेक होती. त्यांतील एक महत्त्वाचे कारण तैवानमधील एका कारखान्याला दिलेल्या कामात सापडते.

२/ दुसऱ्याच्या नावाने माल बनवण्याचे प्रकार आधी समजून घ्यायला हवेत. आराखडा आणि नाव दोन्ही ग्राहक कंपनीचे, कारखान्याची केवळ मजुरी व यंत्रे : हा ‘ओईएम’. आराखडाही कारखान्याचाच, ग्राहक कंपनी फक्त आपले नाव लावते : हा ‘ओडीएम’. आराखडा, उत्पादन आणि नाव तिन्ही कारखान्याचे : हा ‘ओबीएम’.

३/ किंग लिऊ या उद्योजकाची वाम माशांची शेती वादळात नष्ट झाली होती. १९७२ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ताइचुंगजवळ ‘जायंट’ हा सायकल कारखाना काढला. त्या काळी तैवानच्या सायकली स्वस्त, पण कमी दर्जाच्या समजल्या जात. सुट्या भागांना समान मापे नसल्यामुळे एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर नीट बसत नसे. प्रारंभीची काही वर्षे हे दोष दूर करण्यात गेली.

४/ १९७७ मध्ये श्विनचे काम मिळाले. व्यवहार ओईएम पद्धतीचा होता : मापे व दर्जाच्या अटी शिकागोच्या, कारागिरी तैवानची. १९८० मध्ये श्विनच्या शिकागो येथील कामगारांनी संप पुकारला. तेव्हा कंपनीने जायंटकडील मागणी वाढवलीच, शिवाय आपले अभियंते आणि यंत्रसामग्रीही तैवानला पाठवली.

५/ निर्णायक घटना हीच. सायकलींची मागणी दरवर्षी कमी-जास्त करता येते. शिकवलेले कौशल्य मात्र परत मागता येत नाही. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला आणि कामगारांची रोजी गेली. त्यांच्याबरोबर कंपनीने स्वतः सायकल बनवण्याचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभवही गमावला. दशकाच्या मध्यापर्यंत श्विनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य सायकली जायंटच्या कारखान्यातून येत होत्या.

६/ धोका जायंटलाही होता. बहुतांश उत्पादन एकाच ग्राहकासाठी असेल, तर त्या ग्राहकाचा एक निर्णय कारखाना बंद पाडू शकतो. घडलेही तसेच : श्विनने चीनमधील शेन्झेनच्या एका कंपनीकडे मोर्चा वळवला आणि १९८७ मध्ये तिच्यात भागभांडवलही घेतले.

७/ जायंटने १९८१ मध्येच तैवानात स्वतःच्या नावाने विक्री आरंभली होती. आता तिने १९८६ मध्ये नेदरलँड्स आणि १९८७ मध्ये अमेरिका गाठली. श्विनसाठी आत्मसात केलेला दर्जा ती स्वतःच्या नावाने, कमी किमतीत देऊ लागली. कार्बन तंतूंच्या सायकलींचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनही तिने त्याच सुमारास सुरू केले. इतर ब्रँडांसाठी सायकली बनवणे मात्र तिने सोडले नाही.

८/ तैवानच्याच ‘मेरिडा’ने वेगळा मार्ग निवडला. स्वतःचे नाव चालवत असतानाच, ज्या अमेरिकी ‘स्पेशलाइज्ड’साठी ती सायकली बनवत असे, त्या कंपनीचीच जवळपास निम्मी मालकी तिने २००१ मध्ये घेतली. ग्राहक आणि कारखाना यांचे हितसंबंध त्यामुळे एकत्र बांधले गेले.

९/ श्विनची चूक बाहेरून माल बनवून घेण्यात नव्हती. ती पद्धत आजही सर्वत्र रूढ आहे. स्वतःजवळ कोणते ज्ञान राखायचे, हे न ठरवताच तिने ते देऊन टाकले. २००१ मध्ये श्विन पुन्हा दिवाळखोरीत गेली. ते नाव आजही सायकलींवर दिसते, पण श्विन घराण्याचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही.