पोटाचा वारसा

बदलापूर ते सीएसएमटी हा लोकलचा प्रवास दीड तासाच्या आसपासचा, आणि गाडीत शौचालय नाही. त्यामुळे सकाळी चहाचा घोटही न घेता घर सोडणारी माणसे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात भेटतात. कारण विचारावे तर उत्तर मिळते, ‘आमच्या घराण्याचंच पोट नाजूक.’ वडिलांचे तसेच होते, आजीचेही. हे उत्तर कितपत खरे आहे?

वारंवार पोटात दुखणे, कधी जुलाब, कधी मलावरोध आणि तपासण्या मात्र निर्दोष, अशा दुखण्याला आज इरिटेबल बाऊल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस म्हणतात.

घराण्यातून येणारा आजार उल्हासनगरला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे. तेथे हिशेब सरळ आहे. दोष एकाच जनुकातला. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. म्हणूनच लग्नाआधीची रक्ततपासणी मोलाची ठरते.

आयबीएसचा हिशेब इतका सरळ नाही. २००१ मध्ये अमेरिकेतील जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाला आयबीएस असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांत १७.२ टक्के, तर भिन्न जुळ्यांत ८.४ टक्के निघाले. म्हणजे रक्ताचा वाटा आहे. पण त्याच अभ्यासात, आयबीएस असलेल्या भिन्न जुळ्यांपैकी ६.७ टक्क्यांच्या जुळ्या भावंडाला तो होता, तर १५.२ टक्क्यांच्या आईला होता. आई काय किंवा असे भावंड काय, जनुकांचे साम्य सरासरी निम्मेच. मग हा फरक आला कुठून? दुखणे कसे ओळखावे, कशाला घाबरावे, हे मूल घरातच शिकते.

२०२१ मध्ये ५३,४०० रुग्णांच्या जनुकांची छाननी झाली. आयबीएसशी संबंधित सहा जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी अल्प. त्यांतील काही जनुके मज्जासंस्थेत काम करणारी, आणि चिंता व नैराश्य यांच्याशीही नाते सांगणारी आहेत. म्हणून थॅलेसेमियासारखी ‘आहे की नाही’ सांगणारी जनुक-तपासणी इथे हाती नाही.

पोट आणि मन यांचे हे नाते आपल्याकडे जुनेच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराच्या प्रकारांत भयाने आणि शोकाने होणारे अतिसार वेगळे सांगितले आहेत. छावणीत उतरलेल्या पिढीने भय आणि शोक दोन्ही सोबत आणले होते. पण तेवढ्यावरून आज त्यांच्या नातवंडांच्या पोटाचे निदान करणे घाईचे होईल.

‘घराण्यातच आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. वारसा आहे, पण तो रक्तातून येतो तसा स्वयंपाकघरातून आणि आईच्या काळजीतूनही येतो. आणि जे शिकलेले असते, ते थोडेफार बदलता येते. या वाक्याचा खरा धोका वेगळाच आहे. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, रक्तक्षय, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांतले काहीही असेल तर ‘नाजूक पोट’ म्हणून गप्प बसू नये. आजीच्या पोटाचा दाखला डॉक्टरांना जरूर द्यावा; तपासणी टाळायला मात्र तो वापरू नये.