ग्लासह्युटे गावचे घड्याळ

इसवी सन १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात, २४ तारखेस, जर्मनीतील ड्रेस्डेन शहरच्या राजवाड्यात चार मनगटी घड्याळे लोकांपुढे मांडण्यात आली. चारही घड्याळे हाताने चावी द्यावयाची. बॅटरीवर चालणारे स्वस्त घड्याळ अधिक अचूक वेळ दाखवीत असता हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. त्याचे उत्तर त्या घड्याळांच्या यंत्राइतकेच त्यांच्या गावच्या इतिहासात सापडते.

ड्रेस्डेनच्या दक्षिणेकडील डोंगरांत ग्लासह्युटे हे लहानसे गाव आहे. तेथील चांदीच्या खाणी ओसरल्या आणि गावास अवकळा आली. अशा वेळी, ७ डिसेंबर १८४५ रोजी, फर्डिनांड आडोल्फ लांगे या तीस वर्षांच्या कारागिराने तेथे घड्याळांचा कारखाना काढला. राजदरबारचे घड्याळजी गुटकेस यांचा तो शिष्य व जावई. सॅक्सनी सरकारकडून त्याने कर्ज मिळविले आणि पंधरा मुले हाताशी धरून त्यांस हा धंदा शिकविला. जुन्या फ्रेंच मापांच्या जागी त्याने मिलिमीटरचे माप आणले. पुढे अठरा वर्षे तो गावचा नगराध्यक्षही होता. घड्याळे घडविण्याबरोबर त्याने घड्याळे घडविणारे गाव घडविले, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

१८६४ साली त्याने यंत्राच्या रचनेत एक महत्त्वाची सुधारणा केली. दंतचक्रांचे आस वेगवेगळ्या पट्ट्यांनी धरून ठेवण्याऐवजी, यंत्राचा सुमारे पाऊण भाग झाकणारी एकच पाटी त्याने बसविली. त्यामुळे यंत्रास स्थैर्य आले. कारागिराचे काम मात्र अवघड झाले. कारण पाटी बसविताना सर्व आसांची केसाएवढी टोके एकाच वेळी आपापल्या माणकांत जावी लागतात. घाई केली की टोक मोडते.

हा वारसा शंभर वर्षे टिकला. ८ मे १९४५ रोजी, युरोपातील महायुद्धाच्या अखेरच्या दिवशी, रशियन विमानांनी कारखान्याची मुख्य इमारत उद्ध्वस्त केली. १९४८ साली सरकारने कारखानाच ताब्यात घेतला, आणि संस्थापकाचा पणतू वाल्टर लांगे वयाच्या चोविसाव्या वर्षी पश्चिम जर्मनीत पळून गेला. १९५१ साली गावातील कारखाने एका सरकारी संस्थेत विलीन झाले आणि लांगे हे नाव तबकडीवरून पुसले गेले. परंतु नाव गेले, तरी विद्या गेली नाही. सरकारी कारखान्यातही गावची माणसे घड्याळेच करीत राहिली, आणि एका पिढीचे कसब दुसरीच्या हाती जात राहिले.

बर्लिनची भिंत कोसळल्यावर वाल्टर लांगे गावी परतला. त्या वेळी तो सहासष्ट वर्षांचा होता. ७ डिसेंबर १९९० रोजी, म्हणजे पणजोबाच्या मुहूर्तास बरोबर १४५ वर्षे होताच, ग्युंटर ब्ल्यूमलाइन यांच्या साह्याने त्याने संस्था पुन्हा स्थापिली. चार वर्षांनी ती चार घड्याळे तयार झाली.

त्यांतील 'लांगे १' विशेष गाजले. त्याचे तास-मिनिटांचे वर्तुळ मध्यभागी नसून डावीकडे आहे. उजवीकडे वर तारीख, खाली सेकंदांचे लहान वर्तुळ, आणि त्या दोहोंमध्ये चावी किती उरली ते दाखविणारा काटा. एकावर दुसरे कोठेही चढत नाही. तारखेचे दोन आकडे दोन स्वतंत्र खिडक्यांत ठळक दिसतात. ही कल्पना ड्रेस्डेनच्या नाट्यगृहातील घड्याळावरून सुचली. तेथे रंगमंचाच्या वर एका खिडकीत तास व दुसरीत पाच-पाच मिनिटांनी बदलणारा आकडा दिसतो. ते मूळ घड्याळ गुटकेस यांनीच बनविले होते. गुरूचे ऋण असे दीडशे वर्षांनी मनगटावर उतरले.

त्या पहिल्या यंत्रात ३६५ भाग होते. दोन कमानींच्या जोरावर ते तीन दिवस चाले. आतील पाटी तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे जर्मन सिल्व्हरची. तिच्यावर मुलामा नसल्याने बोटाचा ठसाही उमटून राहतो. म्हणून येथे यंत्र दोनदा जोडण्याची पद्धत आहे. प्रथम जोडून त्याची चाल नीट करावयाची. मग सारे भाग सुटे करून, स्वच्छ करून, झिलई देऊन पुन्हा जोडावयाचे. तापवून निळे केलेले पोलादी स्क्रू या दुसऱ्या खेपेसच लागतात. झुलणाऱ्या तोलचक्रावरील पट्टीवर कारागीर हाताने फुले कोरतो. प्रत्येकाच्या हाताचे वळण निराळे. त्यामुळे ही फुले कोणी कोरली, हे जाणत्यास ओळखता येते.

घड्याळ मनगटावर असताना ही फुले दिसत नाहीत. ती असतात मागील बाजूस. मालकाचे लक्ष एरवी तबकडीवर असते. परंतु गावचे नाव पुसले गेले तेव्हा जे शिल्लक राहिले, ते असेच नजरेआडचे होते.