नडगीला बाहेरून फिक्सेटर बसवल्यावर हाड जुळायला उशीर का होतो?

अपघातात नडगीचं हाड मोडून जखम उघडी पडली, तर डॉक्टर अनेकदा बाहेरून फिक्सेटर बसवतात. यात कातडीतून हाडात पिना घालून त्या बाहेरच्या रॉडला किंवा रिंगांना जोडतात. रिंगांची पद्धत डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या कुर्गान इथे विकसित केली.

फिक्सेटर हाडाला फक्त जागेवर धरतो. हाड जुळतं ते रक्तपुरवठ्यामुळे. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड असतं, स्नायूंचं आवरण नसतं. खालच्या भागात रक्तपुरवठा आणखी कमी असतो. म्हणून हे हाड जुळायला अनेक महिने लागू शकतात.

उशीर कशामुळे होतो?

- मोठी जखम: आजूबाजूचं मांस आणि रक्तवाहिन्या फाटल्या, तर हाडाला रक्त कमी मिळतं.
- जंतुसंसर्ग: तो हाडापर्यंत पोहोचला की जुळणी रखडते.
- तुकड्यांमधलं अंतर: हाडाचा भाग गळून पडला असेल, तर नवं हाड भरायला वेळ लागतो.
- सैल पिना: हाड जास्त हललं तर जुळत नाही.
- धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह: दोन्हींमुळे हाड भरण्याचा वेग मंदावतो.

रुग्णाने काय करावं?

विडी-सिगारेट बंद करावी, साखर आटोक्यात ठेवावी, पिनांभोवतीची जागा स्वच्छ ठेवावी. पायावर भार किती द्यायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पिनेजवळ पू, वाढती लाली किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा. दुखणं थांबलं म्हणून फिक्सेटर काढायची घाई करू नये; कच्चं हाड पुन्हा मोडू शकतं.