पडद्याला प्रश्न विचारण्याची कुळकथा

छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे जे गाव आहे, तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ च्या सप्टेंबरात आपल्या चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना कोणतीही एक परकी भाषा निवडण्यास सांगितले. आणि ज्या गावाच्या नशिबी धड रस्ताही नव्हता, परंतु आंतरजालाची जोडणी मात्र कशीबशी येऊन पोहोचली होती, त्या गावातील बहुसंख्य मुलांनी जपानी भाषेची मागणी केली. कारण विचारता त्यांनी यंत्रमानवांविषयी व तंत्रज्ञानाविषयी वाटणारी ओढ पुढे केली. शाळेत जपानी जाणणारे कोणी नव्हते, क्रमिक पुस्तक नव्हते, आणि असा विषय शिकविण्याचा कोणताही शिरस्ता जिल्ह्याच्या शिक्षणखात्याच्या दफ्तरी नव्हता. शिक्षकांनी मग आंतरजालावरील चित्रफिती आणि भाषांतराची उपयोजने धुंडाळून सामग्री जमविली व अध्यापनास प्रारंभ केला. साडेतीनशे विद्यार्थ्यांच्या त्या शाळेत पुढे सत्तर जण ही भाषा शिकू लागले.

वर्तमानपत्रांनी या घटनेचे कौतुक केले ते नवलाई म्हणून. परंतु नवलाईलाही वंशावळ असते, आणि पडद्यावरील चित्राच्या साह्याने शिकण्याच्या या रीतीची वंशावळ शोधू गेल्यास तिचा एक पाय नाशिकच्या मातीत, एक कलबुर्गीच्या माळावर आणि एक पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर पडलेला आढळतो. गाडीवाटच्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपर्यंत ही कुळी नेऊन भिडविण्याचा मोह अनेकांना होतो. जातककथा चित्रांतून सांगणारी लेणी ही आपली आद्य चित्रशाळा, असे व्याख्यानांतून ऐकूही येते. प्रस्तुत लेखकाला हा मोह टाळणे श्रेयस्कर वाटते, कारण इतक्या लांबच्या पूर्वजाशी रक्ताचे नाते सिद्ध करता येत नाही, आणि त्याच्या भव्यतेमुळे जवळचे, खरेखुरे पूर्वज मात्र झाकले जातात.

जवळचा पूर्वज म्हणजे वाटाण्याचे एक रोप. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निर्माण होण्यापूर्वी, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे एकेक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ कॅमेऱ्यापुढे धरणे धरले. त्यातून 'अंकुराची वाढ' ही सुमारे एका मिनिटाची चित्रपट्टी तयार झाली. ती दाखविण्यामागचा हेतू भांडवल देऊ पाहणाऱ्या गृहस्थाची खात्री पटविण्याचा होता हे खरे असले, तरी निसर्गात डोळ्याला न दिसणारी मंद क्रिया पडद्यावर वेगाने घडताना दाखवावी, ही आजच्या प्रत्येक शैक्षणिक चित्रफितीची युक्ती त्या एका मिनिटात पूर्णत्वाने अवतरलेली आहे. पुढे १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी केला, म्हणजे आपल्या कलेचा धडा त्या कलेनेच द्यावा, असे त्यांना वाटले असावे. तरी त्या रोपात एक उणीव होती, आणि ती पुढल्या साऱ्या पिढ्यांनी वारशाने घेतली: पाहणाऱ्याला शंका आली, तर रोप थांबत नव्हते आणि उत्तरही देत नव्हते.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराचा या वंशाशी संबंध आला तो चित्राच्या आधी आवाजाच्या द्वारे. निजामाच्या राज्यात हैदराबादखेरीज औरंगाबादलाही नभोवाणी केंद्र होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांकडे असलेल्या पाच केंद्रांपैकी ते एक होते. राज्य भारतात विलीन झाल्यावर १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीच्या ताब्यात आले, आणि १९५३ मध्ये बंद झाले. ज्या शहरात अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने आणि मौलवी अब्दुल हक यांनी भाषा व शिक्षण यांचा प्रपंच कित्येक वर्षे थाटला होता, आणि जेथे १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, त्या शहराचा आवाज असा अर्ध्यावर बरखास्त व्हावा, हे प्रारब्ध म्हणावे की दिल्लीतील कारभाऱ्यांची काटकसर, हे वाचकांनीच ठरवावे.

दिल्लीत १९५९ मध्ये दूरचित्रवाणी अवतरली आणि १९६१ च्या ऑक्टोबरात शाळांसाठी तिचे पाठ सुरू झाले. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र निघाले, आणि तेथील आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाने असा एक प्रकार घडवून आणला की, ज्याची दखल इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही. प्रेक्षकांची 'ज्ञानदीप मंडळे' ठिकठिकाणी निघाली, मंडळांची पत्रे केंद्रात येऊ लागली, आणि पडदा बोलत असता ज्यांचे तोंड आजवर बंद होते त्यांना टपालाच्या वाटेने का होईना, बोलावयास मिळाले. उत्तर येण्यास आठवडे लागत असतील; तथापि आपण विचारले आणि कोणीतरी ऐकले, हा अनुभव आजच्या 'इंटरॲक्टिव्ह' म्हणविल्या जाणाऱ्या पुष्कळ यंत्रांना साधलेला नाही.

याच सुमारास आकाशात फार मोठा खेळ मांडला जात होता. विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून आणि अमेरिकेच्या नासा संस्थेशी १९६९ मध्ये झालेल्या करारातून उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा जो प्रयोग सिद्ध झाला, तो १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, म्हणजे बरोबर एक वर्षाच्या मुदतीने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चालला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री सार्वजनिक जागेत, बहुधा शाळेच्याच आवारात, उभारावयाची आणि गावच्या मालकीच्या एका संचावर सकाळी दीड तास मुलांनी व सायंकाळी अडीच तास प्रौढांनी कार्यक्रम पाहावयाचे, अशी तजवीज होती. सकाळच्या दीड तासाचे चार भाषांत वाटप केले असता प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

येथे मराठवाड्याच्या वाचकाला एक गोष्ट टोचल्याखेरीज राहत नाही. निजामी राज्याचे १९५६ साली तीन तुकडे झाले, त्यांतील कर्नाटकाकडे गेलेले गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) व रायचूर आणि आंध्राकडे गेलेले महबूबनगर व मेदक हे जिल्हे या प्रयोगात होते. महाराष्ट्राकडे आलेला आमचा तुकडा मात्र नव्हता, कारण महाराष्ट्र हे राज्यच त्या सहांत नव्हते. एके काळी एकाच जमाबंदीखाली नांदलेल्या भावंडांपैकी दोघांच्या अंगणात आकाशातून पाठ उतरत होता आणि तिसरे भावंड रिकामेच बसले होते. मुदत संपताच उपग्रह दुसरीकडे हलविण्यात आला, आणि ती दोन्ही अंगणेही पुन्हा आमच्यासारखीच झाली.

साइटच्या साऱ्या खटाटोपात अनुकरणीय असे जे एक कलम होते, ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. बारा-बारा दिवसांच्या दोन सत्रांत मिळून सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे धडे देण्यात आले, आणि ते केवळ पडद्यावर विसंबून नव्हे, तर दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणी, छापील पुस्तिका आणि हाताने करून पाहावयाचे प्रयोग यांची सांगड घालून. चित्र पाहिल्यावर ते बंद करून त्याच विषयाला हात घालावयाचा, ही रीत त्या योजकांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. तिचे पुढे विस्मरण झाले, आणि त्यानंतर ज्या ज्या योजना आल्या त्यांनी पुन्हा चित्रालाच गुरुपद बहाल केले.

त्या योजनांचा उल्लेख ओझरता केला तरी पुरे. पुण्यास १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था निघाली. दूरदर्शनवरून तिचे पाठ पाहिलेली एक पिढी आज संसाराला लागलेली आहे, आणि संस्था मात्र २०१७ मध्ये बंद झाली. ती निघाली त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरदर्शनवरील देशव्यापी वर्गखोली सुरू झाली, जिच्या वेळा भर दुपारच्या असल्यामुळे विद्यार्थ्यांपेक्षा निवृत्त मंडळींनी तिचा लाभ अधिक घेतला असावा, असा आमचा संशय आहे.

मुक्यास वाचा फुटली ती विसाव्या शतकानंतर. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणकार्यासाठी योजलेला भारताचा पहिला उपग्रह सोडण्यात आला. परंतु त्याआधीच इन्सॅट-३बी या जुन्या उपग्रहावर जी चाचणी घेण्यात आली, तीत महाराष्ट्राच्या वतीने नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सहभागी होते. या व्यवस्थेत दूरच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आपल्या जागेवरून प्रश्न विचारण्याची परवानगी मागे, केंद्रातील नियंत्रक ती देई, आणि मग त्याचा आवाज वर उपग्रहापर्यंत व तेथून खाली अध्यापकाच्या कानापर्यंत मिळून सुमारे बहात्तर हजार किलोमीटरचा प्रवास पाव सेकंदात करी. उत्तराला परतीची तेवढीच वाट व तेवढाच वेळ लागे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पडणारा तो अर्ध्या सेकंदाचा विराम ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ठाऊक आहे की, प्रथम विचारणारा बावरून आपले वाक्य पुन्हा उच्चारीत असे. तरीही पडद्यावरील माणसाला थांबवून 'हे समजले नाही' असे म्हणण्याचा अधिकार या कुळात प्रथमच औपचारिकरीत्या मान्य झाला.

त्यानंतरचा इतिहास इतका ताजा आहे की, त्याची केवळ रुजवात घालावी. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये आरंभिलेला व्याख्यानांचा संग्रह. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे 'डिजिटल शाळा' म्हणून गाजणे. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासननिर्णय, आणि प्रोजेक्टरसाठी गावोगाव गोळा झालेली लोकवर्गणी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर चिकटविलेले क्यूआर कोड, जे बालभारतीने पुढे स्वीकारले आणि ज्या कामाची २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराने जगाला ओळख झाली. २०१६ च्या सप्टेंबरात एका नव्या दूरसंचार कंपनीने घडवून आणलेली डेटाच्या दरांची मोडतोड. यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही शासननिर्णयाहून परिणामकारक ठरली. प्रोजेक्टर आले, पण वीजबिले थकल्यामुळे अनेक शाळांची जोडणीच तोडली गेली, आणि यंत्रे कपाटात गेली. मोबाइल मात्र शेतावरच्या पालकाच्या खिशात होता, आणि त्याला शाळेच्या विजेची गरज नव्हती.

आता पुन्हा गाडीवाटकडे वळू. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्या उन्हाळ्यानंतर सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, शिक्षणखाते व्हॉट्सॲपवरून अभ्यासमाला पाठवू लागले, आणि राज्यभर एकच प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे ज्या घरी स्मार्टफोन नाही त्या मुलाचे काय. गाडीवाटच्या मुलांविषयी ऐकून औरंगाबाद शहरातील एका भाषातज्ज्ञाने जुलैपासून विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेण्यास प्रारंभ केला, आणि सप्टेंबरपर्यंत वीसेक तासिका झाल्या. परंतु त्या वर्गांना बसू न शकणारी मुलेही होती. त्यांच्यासाठी शाळेने 'विषयमित्र' नेमले: ज्या मुलाने पडद्यावर धडा पाहिला, त्याने तो न पाहिलेल्या सोबत्याला समक्ष शिकवावा. मुले एकमेकांशी जपानीत बोलू लागली, आणि पडद्याने जे एकदाच सांगितले ते गावात पुन्हा पुन्हा सांगितले जाऊ लागले.

या व्यवस्थेचे तांत्रिक मूल्य शून्य आहे. तीत उपग्रह नाही, उपयोजन नाही, खरेदीची निविदा नाही. तरीसुद्धा फाळक्यांच्या रोपापासून एज्युसॅटपर्यंत या कुळाला जे पुरतेपणी साधले नव्हते, म्हणजे चित्र थांबल्यावर प्रश्न ऐकून घेणारे माणूस हाताच्या अंतरावर असणे, ते तिने साधले. साइटच्या योजकांनी हेच मोठ्या खर्चाने केले होते, मंडळांच्या पत्रांनी तेच संथपणे केले होते, आणि गाडीवाटच्या मुलांनी ते फुकट केले. चित्रफितीने शिक्षकाची जागा घेतली की नाही, या वादात आमच्या शिक्षणपंडितांनी जितकी शाई सांडली, तिचा दशांशही मुलाने मुलाला दिलेल्या या दुसऱ्या धड्याच्या अभ्यासावर खर्ची पडला असता, तर आज प्रत्येक केंद्रप्रमुखाला विषयमित्र कसे नेमावेत हे सांगणारे एक लहानसे पुस्तक हाती असते.

ते पुस्तक अद्याप लिहावयाचे आहे. जिल्हा परिषदांच्या नोंदींत प्रोजेक्टर किती घेतले याचा हिशेब सापडतो. कोणत्या मुलाने कोणाला काय शिकविले, याची नोंद कोठेच होत नाही. तेव्हा या जिल्ह्यातील ज्या शिक्षकांनी अशा रीती स्वतःच्या बुद्धीने योजल्या, त्यांनी बदली होण्यापूर्वी आपली टिपणे, वेळापत्रके आणि मुलांच्या वह्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या (डाएटच्या) ग्रंथालयात जमा कराव्यात, आणि जे त्या वर्षी विषयमित्र होते त्यांनी आपली हकीकत लिहून शाळेकडे द्यावी, अशी विनंती आहे.