दरेकशाच्या घाटांतील टोपलीवालीं पोरें

नागपुराहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगांव, सालेकसा हीं स्टेशनें मागें टाकून दरेकशाच्या डोंगरांत शिरते, तेव्हां बोगद्यांत क्षणभर अंधार होतो. हा मुलूख भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडील शेवट होता. १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. पलीकडचें डोंगरगड तेव्हां खैरागड संस्थानांत होतें.

छत्तीसगडचें धान्य या डोंगरांपलीकडे अडकून पडे, आणि दुष्काळांत तें वेळेवर हलवितां येत नसे. म्हणून नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली. मीटर गेजचा हा सुमारें १५० मैलांचा मार्ग १८८२ सालीं राजनांदगांवपर्यंत पोंचला.

रुळांची हकीकत सांगतांना आपण पूल मोजतों, इंजिनियरांचीं नांवें घेतों. माती कोणीं वाहिली हें विचारीत नाहीं. त्या काळीं मजूर कुटुंबासह कामावर येत. पुरुष कुदळीनें खणीत, बायका व पोरें टोपल्या डोक्यावर घेऊन भराव घालीत. मजुरी बहुधा खणलेल्या मातीच्या मापावर मिळे. तेव्हां पोराच्या टोपलीवरहि घरची भाकर अवलंबून असे.

अशा कामाची जोखीम केवढी, हें बोरघाटावरून कळतें. तेथें १८५६ सालीं काम सुरू होऊन १८६३ च्या एप्रिलांत घाट खुला झाला. पंचवीस बोगदे खोदले. १८६१ सालीं बेचाळीस हजारांवर माणसें राबत होतीं. कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे, तेथें माणसांना दोरानें खालीं सोडून सुरुंगाचीं भोकें पाडून घेत. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला. त्याच वर्षीं नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येतांच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें काम पुढें चालविलें. ट्रेडवेलबाईंचें नांव राहिलें, हें योग्यच झालें. टोपलीवाल्यांचें राहिलें नाहीं. यास साहस म्हणावें खरें, पण तें हौसेचें नव्हे.

शिवाय रानांतला हिंवताप होताच. तो डासांमुळें पसरतो हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं दाखविलें; तोंवर सारा दोष जंगलाच्या हवेलाच देत.

दरेकशाजवळच कचारगडची गुहा आहे. तींत कोंडलेलीं बालकें लिंगोनें सोडविलीं, अशी गोंड बांधवांची परंपरा सांगते, आणि माघी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. या डोंगराशीं लेंकरांचें नातें रेल्वेहून जुनें आहे.

१८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षीं तिनें हा मार्ग ताब्यांत घेतला, आणि मीटरभर अंतराचे रूळ काढून साडेपांच फुटांचे घालण्याचें काम निघालें. १८९१ सालीं तो आसनसोलला जोडला गेला. पहिल्या कामावर दहा वर्षांचें असलेलें पोर या दुसऱ्या कामाच्या वेळीं सतरा-अठरा वर्षांचें झालें असेल, आणि त्याच्या हातीं टोपलीऐवजीं पहार आली असेल.