हिमायतबागेतील हिमायत

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा मकबरा आणि पाणचक्की पाहतो आणि वेरूळची वाट धरतो. दिल्ली दरवाजाकडे वळणारे थोडे. जे वळतात त्यांना एका अंगाला हिमायतबाग आणि समोर सलीम अली सरोवर लागते. भर शहरात एवढी झाडी, एवढे पाणी आणि एवढी पाखरे एका जागी मिळणे दुर्मीळ. ती पाहायला सवड काढून जावेच, आणि जाताना तिथली नावेही नीट ऐकावीत. या एका परिसरात अरबी, फारसी आणि संस्कृत शब्द एकमेकांना लागून उभे आहेत, आणि त्यांच्या अर्थांची दिशा बहुतेक एकच दिसते.

आधी ‘हिमायत’ घेऊ. जुन्या मराठी पत्रव्यवहारातला हा परिचित शब्द. हिमायत म्हणजे आश्रय, पाठबळ, आणि कड घेणारा तो हिमायती. मूळ अरबी धातू ह-म-य, अर्थ राखणे, बचाव करणे. ‘हमीभाव’ आणि ‘रोजगार हमी’ यांतली आपली हमीही याच कुळातली असावी, कारण अरबीत ‘हामी’ म्हणजे रक्षण करणारा. हिंदीतली ‘हामी भरना’ मात्र ‘हाँ’पासून आली, असे मानणारे आहेत. मराठी हमीत दोन्ही प्रवाह मिसळले असणे अशक्य नाही. हमाल आणि हमाम हे शब्द कानाला या हमीचे भाऊबंद वाटतात, पण त्यांची घरे वेगळी आहेत. हमाल ह-म-ल म्हणजे वाहणे यातून आला, तर हमाम ह-म-म म्हणजे तापणे यातून.

याच ह-म-य धातूचा एक शब्द मराठीत आला नाही, आणि तोच आपल्या सर्वांत कामाचा. तो म्हणजे ‘हिमा’. अरबस्तानात जी कुरणे राखीव ठेवत, जिथे चराई, तोड किंवा शिकार यांवर बंधन असे, त्यांना हिमा म्हणत. ही चाल इस्लामच्याही आधीची दिसते. म्हणजे हिमायत आणि हिमा ही सख्खी भावंडे, आणि हिमायतबाग हे नाव अर्थाने अभयारण्याच्या शेजारी जाऊन बसते. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हा अर्थ असेलच असे नाही. बाग मोगल काळातली. पण हैदराबादचा हिमायतसागर शेवटच्या निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानाच्या नावाने ओळखला जातो, नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर आहे, त्यामुळे इथेही नाव निजामांच्या, म्हणजे आसफजाही, काळात पडले असावे. व्यक्तीच्या नावावरून जागेला नाव मिळते, तरी त्या नावाचा मूळ अर्थ जागेला चिकटतोच.

आता ‘बाग’. फारसी ‘बाग़’चा उगम जुन्या इराणी भाषांतल्या वाटा, हिस्सा या अर्थाच्या शब्दात शोधतात. संस्कृत ‘भाग’ त्याचाच जुळा. वाटणीला आलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बाग, आणि मग त्यात लावलेली झाडे म्हणजेही बाग. त्यामुळे ‘बागेचा भाग’ असे आपण म्हणतो तेव्हा एकच शब्द दोन वेषांत दोनदा उच्चारतो. बगीचा म्हणजे छोटी बाग. गालिचातला ‘चा’ तोच. बागायत मात्र खास आपल्या मातीतली म्हणावी लागेल, कारण जिरायतीशेजारी बसून तिने झाडांपेक्षा पाण्याचा अर्थ जास्त धरला. बागवानातला ‘वान’ धनवानातला नव्हे. धनवान म्हणजे धन असलेला, तर फारसी ‘बान’ किंवा ‘वान’ म्हणजे राखणारा. दरवानातही तोच आहे. त्याचे नाते संस्कृत ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूशी, म्हणजे गोप आणि भूप यांतल्या ‘प’शी लावतात. बागवान हा मुळात बागेचा राखणदार. फळांचा व्यापार नंतरचा. राखण्याचा अर्थ पुन्हा आलाच.

हिमायतबागेजवळच रौझाबाग ही वस्ती आहे. रौझा म्हणजे थडगे, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक. खुलताबादचे जुने नावही रौझाच. पण अरबीत ‘रौज़ा’चा पहिला अर्थ हिरवळ, बाग. त्याचे अनेकवचन ‘रियाध’, जे आज सौदी अरेबियाच्या राजधानीचे नाव आहे. पुण्यवंताची कबर ही स्वर्गातली बाग, या कल्पनेतून हा शब्द थडग्याकडे सरकला असावा. शब्दशः पाहिले तर रौझाबाग म्हणजे ‘बागबाग’! आणि खुलताबादमधले ‘खुल्द’ म्हणजे चिरंतन वास, स्वर्ग. तिथल्या बनीबेगम बागेत हिंडताना नावांतली ही दुहेरी हिरवाई आठवावी.

स्वर्ग आणि बाग यांची ही गाठ त्याहून जुनी आहे. अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला ‘पइरिदएझ’ म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. त्यातला ‘पइरि’ म्हणजे आपला ‘परि’. ‘दएझ’ म्हणजे रचलेली भिंत, संस्कृत ‘दिह्’ म्हणजे लिंपणे याचा नातलग. तोच ग्रीकांत ‘पॅराडायसोस’ झाला, इंग्रजांत पॅरडाइज आणि अरबी-फारसीत फिरदौस. ग्रीक इतिहासकार झेनोफनने हा शब्द इराणी राजांच्या ज्या उपवनांसाठी वापरला, त्यांत रानटी जनावरे राखलेली असत आणि राजपुत्र घोड्यावरून त्यांची शिकार करी. म्हणजे स्वर्गाचे नाव मुळात कुंपण घातलेल्या प्राणिवनाचे. इंग्रजी पार्कही आधी शिकारीसाठी राखलेले बंदिस्त रानच होते. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून वाडा, वाडी, वाटिका. शेताची वई आली ‘वृति’वरून, तीही वेढणारी.

या साऱ्यांत ‘उद्यान’ तेवढे निराळे. उद् + यान, म्हणजे बाहेर पडणे. गावाबाहेर जिथे मन रमवायला जायचे ती जागा. इतर शब्द कुंपणाच्या आतून बोलतात, उद्यान बोलते दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्याच्या बाजूने. ‘आराम’ही असाच प्रवासी शब्द. संस्कृतात आराम म्हणजे रमण्याची बाग, म्हणून बौद्ध भिक्षूंचा संघाराम. फारसीत त्याच ‘रम्’चा आराम विसावा झाला आणि मराठीने तोच उचलला. मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांकडे चढताना संघारामातला आराम ध्यानात ठेवावा. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे प्राणिसंग्रहालय ज्या बागेत आहे तिचे नाव सिद्धार्थ उद्यान, हाही त्या परंपरेशी जुळणारा योग.

सलीम अली सरोवराचे जुने नाव खिज्री तलाव. ते ख्वाजा खिज्रवरून आले असावे, किंवा त्याचे नाव धारण करणाऱ्या एखाद्या माणसावरून. खिज्र हा अमृतजल सापडलेला सिद्धपुरुष. तो बसे ती उजाड जागा हिरवी होई, अशी आख्यायिका आहे. नावाचा अर्थच हिरवा. अरबीत हिरव्याला ‘अख़ज़र’ म्हणतात, तोच हा धातू. नवे नाव पक्षितज्ज्ञ सलीम अली (1896–1987) यांचे. 1930च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि हे शहर तेव्हा त्याच संस्थानात होते. सलीम म्हणजे सुखरूप. सलाम, सलामत, इस्लाम सारे स-ल-म या एका धातूचे. पाखरांच्या तळ्याला आधी ‘हिरवा’ आणि मग ‘सुखरूप’ अशी दोन नावे मिळावीत, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

शहराबाहेर पडले की शब्द पुन्हा संस्कृताकडे वळतात. कन्नडजवळचे गौताळा 1986 साली अभयारण्य झाले. ‘अभयारण्य’ हा आधुनिक कायद्यासाठी घडवलेला शब्द वाटतो, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आहे. तिथल्या पशुपक्ष्यांना आणि माशांना पकडणाऱ्या-मारणाऱ्याला सूनाध्यक्षाने, म्हणजे कत्तलखान्यांवरच्या अधिकाऱ्याने, जबर दंड करावा, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. हिमा आणि अभयवन या दोन कल्पना एकमेकींना न भेटता एकाच ठिकाणी पोचलेल्या दिसतात. गौताळ्यात नीलगाय दिसली तर तिचे ‘रोही’ हे नावही आठवावे. नर निळसर राखाडी म्हणून नीलगाय. मादी तांबूस, तेव्हा रोहीचे नाते ‘रोहित’ म्हणजे तांबडा याच्याशी असावे.

आणि जंगल? आज हा शब्द उच्चारला की घनदाट, ओले रान डोळ्यांपुढे येते. पण संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, उघडा प्रदेश. आयुर्वेद पाणथळ देशाला आनूप म्हणतो आणि त्याच्या उलट तो जांगल. या हिशेबाने मराठवाडा हे खरे जंगल. हिंदुस्तानीतून इंग्रजांनी ‘जंगल’ उचलला, अर्थ दाट रानाकडे सरकला, आणि स्पॅनिशमध्ये ‘हुंग्ला’ होऊन तो दक्षिण अमेरिकेत पोचला. ॲमेझॉनकाठच्या इकितोस शहरी उतरणारा प्रवासी आज पृथ्वीवरच्या सर्वांत ओल्या रानांपैकी एकाला आपल्या कोरडवाहू मुलखाचे नाव देतो.

शब्द तिकडे गेला, तिकडून आले फळ. पेरू हे झाड अमेरिकेतले. त्याचे नाव पेरू देशावरून पडले, असे सहज वाटते. पण कोकणीत ते ‘पेर’ आहे, आणि पोर्तुगीजांत ‘पेरा’ म्हणजे नासपाती, हा उगम मला अधिक पटतो. गंमत अशी की हिंदी ‘अमरूद’चाही फारसीतला अर्थ नासपातीच. गोव्यातला पोर्तुगीज आणि उत्तरेतला फारसी बोलणारा, दोघांनाही नव्या फळात तेच जुने फळ दिसले. मराठवाड्या-विदर्भाच्या बोलीत मात्र ते ‘जांब’ किंवा ‘जाम’, संस्कृत जंबूच्या घरचे. वनस्पतिशास्त्रही पेरू आणि जांभूळ यांना एकाच कुळात घालते, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने आपल्या बोलीचीच निवड अचूक ठरते.

एवढ्या शब्दांचा माग काढल्यावर माझे मत पक्के झाले आहे. बाग या कल्पनेत शोभा मागून आली, राखण आधी. हिमायतबागेला नावानेच संरक्षण दिले आहे; ते प्रत्यक्षात देणे शहराचे काम. वाचकांना विनंती एवढीच की आपल्या गावातल्या बागा, तळी, आमराया, राखीव कुरणे यांची जुनी नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत. पाटी बदलली की नाव बोलीतूनही लवकर जाते, आणि खिज्री तलाव म्हणणारी माणसे आता थोडीच उरली असावीत.