बनारसमधली सापेक्षता

केंब्रिजहून परतलेले कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर 1932 साली बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि सापेक्षतावादाला तिथे हक्काचे घर मिळाले. त्याच दशकात अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश शाह सुलेमान आइन्स्टाइनविरुद्ध स्वतःचा सिद्धांत मांडत होते. न्यायासनावरून उठून थेट गुरुत्वाकर्षणाची फेरतपासणी! ती टिकली नाही. टिकले ते प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचे काम. 1942 मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन, साठवलेल्या पैशांवर, ते नारळीकरांकडे शिकायला आले. आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या, श्वार्त्सशिल्ड या शास्त्रज्ञाने काढलेल्या 1916 च्या उत्तरात ताऱ्याबाहेर निव्वळ पोकळी होती. खरा तारा मात्र सतत प्रकाश ओततो. फोटॉनांबरोबर ऊर्जा जाते, वस्तुमान घटत राहते. वैद्यांनी प्रकाशाने भरलेली ती जागाच समीकरणांत घेतली. 1943 मध्ये हे उत्तर ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले.